ताप आज, अँटिबॉडी आठवड्याने



उधना–जळगाव रेल्वेमार्गावर, सुरतेच्या अलीकडे चलथाण लागतं. तिथे साखर कारखाना आहे, भोवती उसाची शेती आहे आणि पोटापाण्यासाठी खानदेशातून येऊन स्थिरावलेली मराठी घरं आहेत. सुरत, नवसारी, वलसाड या पट्ट्यात पावसाळा आला की लेप्टोस्पायरोसिसची धास्ती असते. उंदीर आणि गुरांच्या लघवीतून याचे जिवाणू चिखलपाण्यात उतरतात आणि भेगाळलेल्या, जखमी पायांतून माणसात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईनेही हा आजार अनुभवला.

ताप चढतो तेव्हा जिवाणू रक्तात फिरत असतात, पण त्यांना ओळखणाऱ्या बी-पेशी सुरुवातीला मोजक्याच असतात. त्या वाढतात, त्यांतल्या काहींच्या प्लाझ्मा पेशी होतात आणि मग अँटिबॉडी तयार होऊ लागतात: आधी आयजीएम, मागाहून आयजीजी. तपासणीत सापडण्याइतक्या त्या साठायला तापाचे पाच ते सात दिवस जातात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आयजीएम चाचणी ‘निगेटिव्ह’ आली, तरी आजार नाही असं म्हणता येत नाही. त्या दिवसांत पीसीआर चाचणी अधिक उपयोगी पडते. उलट आयजीएम रक्तात काही महिने रेंगाळू शकतं. त्यामुळे ‘पॉझिटिव्ह’ अहवाल मागच्या संसर्गाचाही असू शकतो. काही दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत अँटिबॉडीची पातळी चौपट वाढली, तर खात्री पटते.

‘एकदा होऊन गेला, आता भीती नाही’ हा समजही खोटा. या जिवाणूचे अडीचशेहून अधिक उपप्रकार आहेत. अँटिबॉडी मुख्यतः त्याच्या बाहेरच्या आवरणावरचे रेणू ओळखतात आणि ते उपप्रकारागणिक बदलतात. त्यामुळे एका उपप्रकाराविरुद्ध मिळालेलं संरक्षण दुसऱ्यापुढे अपुरं पडतं.

आपल्यापैकी अनेकांची माणसं अजून अशा गावांत राहतात. पावसाळ्यात कुणी फोनवर ‘ताप आहे, अंग ठणकतंय, पिंढऱ्या दुखतायत’ असं म्हणालं, तर आधी विचारा: शेतात, साचलेल्या पाण्यात उतरला होतात का? तसं असेल तर ते डॉक्टरांना न विसरता सांगायला लावा. अँटिबॉडीच्या अहवालासाठी उपचार थांबवायचे नसतात. अँटिबायोटिक लवकर सुरू झालं, तर मूत्रपिंड आणि जीव दोन्ही वाचण्याची शक्यता वाढते.