गोल कुणी मोजले?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेलं भाषण)



समितीनं मला 'करिअर' या विषयावर बोलायला सांगितलं. मी बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, तेव्हा कम्प्युटर, पॅकेज आणि परदेश यावर बोलेन, असं तुम्हाला वाटलं असेल. मी बोलणार आहे एका हॉकीपटूच्या करिअरबद्दल. मघाशी चहाच्या वेळी हे सांगितलं, तर आपल्यातलीच एक म्हणाली, "तू त कम्प्युटरवाली, तुले हॉकीचं काय समजते वं?" खेळातलं मला बेताचंच समजतं. पण माझं रोजचं काम डेटाबेसचं, म्हणजे नोंदींचं आहे. कोणती नोंद राहिली, कोणती राहिली नाही आणि त्यामुळे पुढे काय झालं, हे मला समजतं. त्या बाजूनं ही गोष्ट सांगते.

कंपनीच्या कामासाठी मी तीन वर्षं कॅनडात, टोरांटोला होते. तिथे नुसतं 'हॉकी' म्हटलं की बर्फावरची हॉकी. आपल्या हॉकीला ते 'मैदानी हॉकी' म्हणतात. आपल्याला परतवाड्यात बर्फ म्हणजे गोळ्याच्या गाडीवरचा, आणि थंडी म्हणजे चिखलदऱ्याची. तिथे शेजारची आई पहाटे साडेपाचला मुलाला उठवून गाडीत घालायची, कारण बर्फाचं मैदान त्यांच्या संघाला तेवढ्याच वेळेत मिळायचं. मुलगा चांगला निघाला तर सोळाव्या वर्षी घर सोडून दुसऱ्या गावच्या संघात जातो आणि तिथे एखाद्या कुटुंबात राहून शिकतो. अठराव्या वर्षी मोठ्या लीगचे संघ मुलांची निवड करतात. हे संघ बत्तीस. ज्यांना तिथे जागा मिळत नाही, ते खालच्या लीगमध्ये खेळतात, काही जण युरोपात जातात, बाकीचे दुसरा उद्योग बघतात. म्हणजे तिकडेही सगळं सोपं नाही.

पण एक गोष्ट बघून मी थक्क झाले. तिथे प्रत्येक गोलची नोंद होते. गोल कुणी केला, कितव्या मिनिटाला केला, त्याआधी चकती कुणी कुणाकडे दिली, सगळं. वेन ग्रेट्झ्की हा त्यांचा सगळ्यात मोठा खेळाडू. वडील टेलिफोन कंपनीत कामाला. त्यांनी घरामागच्या अंगणात पाणी गोठवून पोरासाठी बर्फाचं मैदान केलं होतं. ग्रेट्झ्की १९९९ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर लीगचे १४८७ सामने आणि ८९४ गोल होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये रशियाच्या ओव्हेच्किननं ८९५ वा गोल केला, तर चालू सामना थांबवून तिथेच त्याचा सत्कार झाला, आणि सत्काराला ग्रेट्झ्की स्वतः हजर होता. ८९४ हा आकडा पक्का होता, म्हणून ८९५ चा सोहळा होऊ शकला.

आता आपल्याकडे येऊ या.

पुण्यात मी नोकरीला लागले तेव्हा कंपनीची बस खडकीवरून जायची. खडकी म्हणजे छावणी आणि लष्करी कारखाने. आपलं परतवाडाही मुळात छावणीचंच गाव, म्हणून मला ते रस्ते ओळखीचे वाटायचे. त्या खडकीत, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत, धनराज पिल्ले लहानाचा मोठा झाला. जन्म १६ जुलै १९६८. मातृभाषा तमिळ, मराठी अस्खलित. वडील मैदानाची देखभाल करणारे कर्मचारी. घरात पाच मुलगे आणि पैशाची ओढाताण. मोडक्या स्टिका, टाकून दिलेले चेंडू आणि चिखलाचं मैदान, एवढ्यावर त्याचा खेळ सुरू झाला. पाचही मुलांनी खेळावं म्हणून आई मागे उभी राहिली, हे तो नेहमी सांगतो.

मोठा भाऊ रमेश मुंबईत आरसीएफकडून खेळायचा. ऐंशीच्या दशकात धनराज त्याच्याकडे गेला, पुढे महिंद्र कंपनीच्या संघात आला आणि तिथे जोकिम कार्व्हालोंच्या हाताखाली तयार झाला. १९८९ मध्ये दिल्लीच्या आशिया चषकात तो भारताकडून पहिल्यांदा खेळला. तिथून २००४ पर्यंत पंधरा वर्षं. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा, चार चॅम्पियन्स ट्रॉफी.

मुलांनो, या करिअरचा हिशेब कसा चालायचा ते ऐका. त्या काळी भारतात हॉकीची व्यावसायिक लीगच नव्हती. देश अंगावर जर्सी द्यायचा, पण घर चालायचं नोकरीवर. त्यामुळे रेल्वे, विमान कंपन्या, तेल कंपन्या, बँका, पोलीस यांचे संघ हाच हॉकीचा खरा आधार होता. धनराज महिंद्रनंतर इंडियन एअरलाइन्सचा कर्मचारी होता. खेळून पैसे मिळवायचे तर परदेशी क्लबांकडे जायचं. तो लंडनला इंडियन जिमखान्याकडून खेळला, फ्रान्समध्ये लिऑनकडून, जर्मनीत स्टुटगार्टकडून, शिवाय मलेशिया, बांगलादेश आणि हाँगकाँगमध्ये. आज आपण एका कंपनीत बसून तीन देशांचं काम करतो आणि त्याचं कौतुक करून घेतो. हा माणूस स्टिक खांद्यावर टाकून तेच करत होता. प्रीमियर हॉकी लीग निघाली २००५ मध्ये, म्हणजे त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपल्यावर. तरी तो तिच्यात मराठा वॉरियर्सकडून उतरला.

डिसेंबर १९९८ आठवतो? आपली बारावी होती. बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत धनराजच्या नेतृत्वाखाली भारतानं दक्षिण कोरियाला पेनल्टी स्ट्रोकवर हरवून सुवर्ण जिंकलं. हॉकीत हे सुवर्ण १९६६ नंतर, बत्तीस वर्षांनी मिळालं होतं. स्पर्धेत सर्वाधिक गोल धनराजचे होते. आणि परत आल्यावर काय झालं? धनराजसह काही ज्येष्ठ खेळाडूंना संघातून वगळलं. अधिकृत कारण सांगितलं 'विश्रांती'. खेळाडूंनी सोयी आणि मानधनाबद्दल तोंड उघडलं होतं, त्याची ही शिक्षा, असंच लोकांनी मानलं. तो पुन्हा संघात आला, खेलरत्न झाला, पद्मश्री झाला. सिडनी ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरीसाठी पोलंडला हरवणं आवश्यक होतं. अगदी अखेरीला पोलंडनं बरोबरी केली आणि भारत बाहेर पडला. चार ऑलिंपिक खेळूनही त्याला पदक नाही. पस्तिशीत, २००३ मध्ये, त्यानं कर्णधार म्हणून आशिया चषक मात्र जिंकून आणला.

हे सगळं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. मला बोलायचं आहे ते पुढच्या वाक्याबद्दल. धनराज पिल्ले भारताकडून ३३९ सामने खेळला. गोल किती केले? हॉकी महासंघानं अधिकृत नोंदच ठेवली नाही. जाणकार आणि तो स्वतः साधारण १७० असा अंदाज सांगतात. देशाच्या सगळ्यात नावाजलेल्या फॉरवर्डचं मुख्य काम गोल करणं, आणि त्याचा हिशेब 'साधारण'! माझ्या ऑफिसात कुणी 'साधारण' म्हणून आकडा दिला तर त्याला परत पाठवतात.

नोंद नसली की काय जातं? एक तर मान जातो. एखाद्याला वगळायचं असेल तेव्हा समोर ठेवायला कागद नसतो. आणि पुढच्या पोराला गाठायला काही राहत नाही.

धनराजचं नाव इतकं मोठं, की नोंद नसली तरी लोक विसरणार नाहीत. आपल्या गावात तसं होत नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ध्यानचंदांच्या संघानं जर्मनीला ८-१ नं हरवलं, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. हे आज आपल्याला माहीत आहे, कारण १९१४ मध्ये निघालेली ती संस्था टिकली आणि तिनं ते सांगत ठेवलं. आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवरची ही गोष्ट, पण तिला सांगणारं कुणी होतं.

आता आपल्या शाळेकडे बघू. आपल्या वेळचा मुलींचा खो-खोचा संघ विभागातर्फे राज्य स्पर्धेला गेला होता, तिसरा आला होता. सरांनी गावातून वर्गणी गोळा करून बूट घेतले होते. त्या संघातली एक मैत्रीण पुढे पोलीस भरतीला उतरली. खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण असतं, पण त्यासाठी प्रमाणपत्र लागतं आणि क्रीडा कार्यालय त्याची पडताळणी करतं. तिचं प्रमाणपत्र पावसाळ्यात घर गळून खराब झालं होतं. दुय्यम प्रतीसाठी जुना दाखला शोधला, तर त्या वर्षीचं रजिस्टर कुठेच सापडलं नाही. ती पळाली होती, आम्ही बघितलं होतं, सरांनी बघितलं होतं. पण "आम्ही बघितलं" हे अर्जाला जोडता येत नाही. भरती गेली. तिनं पुढे शिलाईचं दुकान टाकलं, दोन्ही मुलींना शिकवलं. तिच्या परवानगीनंच हे सांगते आहे. ती मला म्हणाली, "सांग, पण रडगाणं करू नको वं." म्हणून इथेच थांबते.

मुलांना माझं सांगणं असं नाही की इंजिनिअरिंग सोडा आणि खेळाडू व्हा. खेळ की अभ्यास, हे ज्यानं त्यानं आणि त्याच्या घरानं ठरवायचं. पण खेळणार असाल तर प्रत्येक प्रमाणपत्राचा फोटो काढून आई-बाबांच्या आणि सरांच्या मोबाइलवर त्याच दिवशी पाठवा. स्पर्धेचं नाव, तारीख, पातळी आणि क्रमांक वहीत लिहा. दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, तेव्हा हाच कागद कामी येतो.

आणि आपल्या सगळ्यांसाठी माझा एक ठराव आहे. मुख्याध्यापकांशी बोलून मी एक साधं क्रीडा रजिस्टर तयार केलं आहे. एक प्रत कम्प्युटरवर आणि एक छापील, शाळेच्या कपाटात. वर्ष, खेळ, संघातली सगळी नावं, शिकवणारे सर किंवा बाई आणि निकाल, एवढेच रकाने. दरवर्षी जूनमध्ये ते अद्ययावत करायची जबाबदारी क्रीडा शिक्षकांनी घेतली आहे, आणि कम्प्युटरची बाजू मी पुण्याहून बघेन. मागच्या वर्षांची पानं मात्र कोरी आहेत. ती तुमच्याशिवाय कुणाला भरता येणार नाहीत. कुणाकडे जुना फोटो असेल, पेपरातलं कात्रण असेल, ट्रंकेत पडलेलं प्रमाणपत्र असेल, ते पाठवा. ज्याची खात्री नाही ते लिहायचं नाही. दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर सरांना विचारायचं.

जेवण झाल्यावर मी आठवी 'ब' च्या वर्गात लॅपटॉप घेऊन बसते आहे. खो-खो, कबड्डी, कुस्ती, धावणं, जे कुणी जे खेळलं असेल त्यांनी या आणि आपलं नाव घालून जा. जे आज आले नाहीत किंवा आता आपल्यात नाहीत, त्यांची नावं त्यांच्या जोडीदारांनी सांगा.