भाताची पेज आणि घरचे स्वस्त जेवण



वसंत व्याख्यानमालेत राज्यकारभारावर आणि संतवाङ्मयावर बोलणारे विद्वान वक्ते आपणांस पुष्कळ लाभतात. भात कसा शिजवावा यावर बोलणारा वक्ता आज आपल्या वाट्याला आला आहे. तरी भांडुपात हा विषय परका ठरू नये. कोकणातली किती कुटुंबे येथल्या टेकडीच्या उतारावर आणि कारखान्यांच्या आसपास येऊन राहिली, आणि येताना भाताची गोडी बरोबर घेऊन आली!

भात शिजवण्याच्या आपल्याकडे दोन रीती. एक बैठा भात : मोजके पाणी घालायचे, ते सारे दाण्यात जिरते. दुसरी रीत भात वेळण्याची : आधणात भरपूर पाणी, आणि शीत शिजले की वरची पेज गाळून काढायची. भात मोकळा होतो, पानात शोभतो. पण त्या पेजेबरोबर काय जाते, हे फारसे कोणी पाहत नाही.

तांदळाच्या कोंड्यात आणि वरच्या पापुद्र्यात ब-१ जीवनसत्त्व असते. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र केला की त्यातले पुष्कळसे कोंड्याबरोबर निघून जाते. राहिलेले चार-चार पाण्यांनी खसाखसा धुण्यात आणि पेज ओतण्यात जाते. हे जीवनसत्त्व मिळाले नाही तर बेरीबेरी हा रोग होतो. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, १८९० नंतरच्या वर्षांत, जावा बेटावर आइकमन या डच वैद्याने पाहिले की सडलेल्या पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात, आणि कोंडा असलेला तांदूळ दिला की बऱ्या होतात. १९२९ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात आंध्रच्या किनाऱ्यावर, जेथे गिरणीचा सुरय तांदूळ खात, तेथे बेरीबेरी दिसे. उकडा तांदूळ खाणाऱ्या भागांत ती विरळा. कारण उघड आहे. भात सालीसकट उकडला की सालीकडचे जीवनसत्त्व दाण्यात शिरते आणि गिरणीतूनही बरेचसे वाचते. रत्नागिरीच्या म्हातारीला जीवनसत्त्वाचे नाव ठाऊक नव्हते, पण ती उकड्या तांदळाची पेज मीठ घालून सर्वांना पाजत होती. शहरात आल्यावर आपण उकडा तांदूळही सोडला आणि पेजही मोरीत ओतली.

१९५९ साली मुंबईत हॉकिन्स कंपनी निघाली, आणि पुढे घरोघर प्रेशर कुकर आला. कुकरात भात बैठाच होतो. पेजेचा वाद कोणी न जिंकताच मिटला, असे मला वाटले होते. पण अलीकडे मधुमेहाच्या भीतीने भात वेळण्याची टूम पुन्हा निघाली आहे. पेजेबरोबर थोडे पिष्ट जाते, नाही असे नाही. परंतु उरलेला भातही पिष्टच असतो. मधुमेह्याने भात वेळण्यापेक्षा तो अर्धा वाढून घ्यावा आणि शेजारी डाळ-भाजी वाढवावी.

आता शिध्याच्या तांदळाविषयी. मुंबईत शिधावाटप १९४३ साली युद्धकाळात सुरू झाले, तेव्हापासून शिध्याच्या तांदळाची निंदा करणे हा आपला आवडता उद्योग आहे. २०२१ साली सरकारने पोषक तांदूळ देण्याचे जाहीर केले, आणि त्यानंतर तांदळाच्या पिठाचेच, पण लोह, फोलिक आम्ल आणि ब-१२ घातलेले दाणे शंभरात एक या प्रमाणात मिसळले जाऊ लागले. ते थोडे वेगळे दिसतात. "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून कित्येक गृहिणी ते निवडून फेकतात. मायबहिणींनो, ते फेकू नका. तांदूळ एकदोनदाच हलक्या हाताने धुवा, भात बैठा करा. घरात थॅलेसेमिया वा सिकलसेलचा रोगी असेल तर मात्र डॉक्टरांना विचारावे.

नुसत्या भाताने भागत नाही. भाताच्या प्रथिनांत जो अंश कमी पडतो तो कडधान्यात असतो, आणि कडधान्यात जो कमी तो भातात. म्हणून पिठी-भात हे गरिबाचे जेवण असले तरी गरीब जेवण नव्हे. शंभर ग्रॅम कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. कुळीथ भाजून दळून ठेवावेत. चौघांना अर्धी वाटी पीठ पुरते : लसूण-मिरचीची फोडणी, कांदा, पाण्यात गुठळी न होता कालवलेले पीठ, दोन आमसुले. पीठ घातल्यावर सतत ढवळावे, नाहीतर तळाला लागते. पंधरा मिनिटांत कढत पिठी तयार.

पण ही पिठी कोणाच्या पानात पडते? सर्वांची जेवणे झाल्यावर घरची बाई बसते, तेव्हा भात उरलेला असतो आणि पिठीचे भांडे खरवडलेले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांचे रक्त कमी आढळले. तेव्हा पुरुषांना माझी विनंती आहे की, पहिले पान वाढण्याआधी बाईच्या वाटणीची पिठी वेगळ्या वाटीत काढून ठेवावी. तिच्यावर लिंबू पिळावे, म्हणजे कुळथातले लोह अंगी लागते, आणि जेवणावरचा चहा तासभर थांबवावा.

शिळ्या भाताचे तेवढे सांगतो. मुंबईच्या उकाड्यात भात रात्रभर ओट्यावर ठेवू नये. शिजवूनही न मरणारे जंतू त्यात वाढतात, आणि त्यांचे विष सकाळी फोडणी दिल्याने जात नाही. भात ताटात पसरून लवकर निववावा आणि शीतकपाटात ठेवावा. शीतकपाट नसेल त्या घरी रात्रीचा भात मोजूनच शिजवावा.