लोकांसाठी ठेवलेला दरवाजा
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



इंदूरला पाहुणे आले की आपण त्यांना राजवाडा दाखवतो. ग्वाल्हेरकर जयविलास दाखवतात. होळकर-शिंद्यांचा इतिहास सांगताना आपला ऊर भरून येतो. पण आज आपल्या शाळांचे, पाण्याचे, करांचे निर्णय जेथे होतात ते भोपाळचे विधानभवन आपल्यापैकी किती जणांनी आतून पाहिले आहे? म्हणून यंदा मंडळाची सहल आम्ही तेथे नेली.

१९४८ ते १९५६ या काळात मध्य भारताची राजधानी ग्वाल्हेर आणि इंदूर यांच्यात वाटलेली होती. सरकार आपल्या अंगणातच होते म्हणा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि राजधानी भोपाळला गेली. विधानसभा तेथील मिंटो हॉलमध्ये भरू लागली. याच वास्तूला २०२१ मध्ये धारच्या कुशाभाऊ ठाकरे यांचे नाव दिले गेले.

अरेरा टेकडीवरच्या नव्या विधानभवनाचे उद्घाटन ऑगस्ट १९९६ मध्ये राष्ट्रपती शंकरदयाळ शर्मा यांच्या हस्ते झाले. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, मूळ घराणे गोव्याचे. पणजीची कला अकादमी त्यांचीच. विधानभवनाला १९९८ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला.

इमारत बाहेरून वाटोळी, आत नऊ भाग. मधले भाग चौक आणि दालनांचे, कोपऱ्यांत सभागृहे आणि ग्रंथालय. एका चौकातून दुसऱ्या चौकात जाताना आमच्यातल्या ज्येष्ठांना जुना वाडा आठवला. विधानसभेवरचा घुमट सांचीच्या स्तूपाची आठवण देतो. भिंतींवर पाटणगढच्या जनगढसिंह श्याम यांची गोंड चित्रे आहेत. गोंड समाजाची चित्रे आज राज्याच्या सर्वोच्च वास्तूवर आहेत. हे पाहून आम्ही थांबलो.

सर्वात महत्त्वाची गोष्ट दरवाजांची. या इमारतीला तीन वाटा आहेत. एक आमदारांची, एक अतिमहत्त्वाच्या व्यक्तींची आणि एक सामान्य जनतेची, जी प्रेक्षक सज्जाकडे जाते. म्हणजे नकाशा काढतानाच तुमच्या-आमच्यासाठी दार ठेवलेले आहे. राजवाड्यात आपले पूर्वज बोलावणे आल्यावर जात. येथे प्रवेशपत्र काढून हक्काने जाता येते.

दुसरी गोष्ट रिकाम्या सभागृहाची. विधान परिषदेसाठी येथे स्वतंत्र सभागृह बांधले आहे, पण मध्य प्रदेशात विधान परिषद कधी अस्तित्वातच आली नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीत तरतूद झाली, ती अमलात आणण्याची तारीख मात्र जाहीर झाली नाही. कागदावर तरतूद आणि जागेवर खुर्च्या असल्या तरी बसणारे नसतील तर काय होते, ते तेथे दिसते.

आपल्या हक्कांचेही तसेच झाले आहे. घटनेच्या कलम ३५० नुसार राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत सरकारकडे गाऱ्हाणे मांडता येते. म्हणजे मराठीतही. कलम ३५०-अ प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करायचा आहे. नातवंडांना मराठी वाचता येत नाही, अशी हळहळ आपण दर गणेशोत्सवात व्यक्त करतो. पण त्यासाठी आपल्यापैकी कोणी एक तरी अर्ज केला आहे का?

आम्ही तीन गोष्टी सुचवतो. प्रत्येक अधिवेशनात मंडळाचे दहा जण, त्यांत निम्मे तरुण, सज्जात बसून कामकाज ऐकोत. प्राथमिक वर्गांत मराठीची सोय व्हावी असा अर्ज मराठीतच लिहून पाठवावा. आणि आपापल्या आमदारांना, ते कोणत्याही पक्षाचे असोत, हा प्रश्न सभागृहात विचारण्याची विनंती करावी. यात हिंदीशी वैर नाही. ती आपल्या रोजच्या व्यवहाराची भाषा आहे आणि शेजाऱ्यांशी आपला स्नेह पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

बँकेत ज्या खात्यावर दोन वर्षे व्यवहार होत नाही ते निष्क्रिय होते. पैसे बुडत नाहीत, पण खाते पुन्हा चालू करायला खातेदारालाच पुढाकार घ्यावा लागतो. आपले हक्कही बुडालेले नाहीत. पुढाकार मात्र आपल्यालाच घ्यावा लागेल.

जय हिंद, जय महाराष्ट्र, जय मध्य प्रदेश!