मिठातलं आयोडीन आणि बाईवरचा ठपका

(महिला मंडळांच्या बैठकीतील भाषण)



मूल वर्षाचं झालं तरी बसत नाही, हाकेला ओ देत नाही, की घरात आधी आईची उलटतपासणी सुरू होते. ग्रहणात विळी हातात घेतली होतीस का? असं मूल होण्याची कारणं अनेक असतात. त्यातलं टाळता येण्याजोगं एक कारण मिठाच्या बरणीत असतं. त्याबद्दल आज बोलू.

आपल्या गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला आयोडीन लागतं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, गरोदर बाईला २५०. जन्मभराचं एकत्र केलं तरी चमचाभर होणार नाही. ते कमी पडलं की गलगंड होतो, हे आपण जाणतो. पण गर्भाच्या मेंदूची वाढही त्यावरच चालते. सुरुवातीचे महिने बाळ आईच्याच ग्रंथीवर अवलंबून असतं. पाळी चुकल्याचं ध्यानात येईपर्यंत त्यातले काही आठवडे गेलेले असतात. म्हणून दिवस राहिल्यावर नव्हे, मुलगी लहान असल्यापासूनच तिला आयोडीनयुक्त मीठ मिळायला हवं.

‘आम्ही समुद्राचं खडे मीठ खातो’, असं कोकणातल्या बायका सांगतात. पण मिठागरातल्या साध्या मिठात आयोडीन नगण्यच असतं. ते वरून मिसळावं लागतं.

हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी हे करून दाखवलं. आयोडीनयुक्त मीठ दिलेल्या भागांत मुलांमधला गलगंड झपाट्याने कमी झाला. तरी साध्या खाण्याच्या मिठाच्या विक्रीवर देशभर बंदी आली १९९८ मध्ये. २००० मध्ये ती उठवली आणि २००६ मध्ये पुन्हा आणली. ह्या धरसोडीत आयांना कोणी विचारलं होतं?

नियमानुसार दुकानातल्या मिठात दर किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन हवं. तेव्हा पाकीट वाचून घ्या. मीठ झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवा. मीठ जास्त खाऊ नका, त्याने रक्तदाब वाढतो. मीठ तपासण्याचा संच आशाताईंकडे मागा. थेंब टाकल्यावर मीठ निळं-जांभळं झालं, तर त्यात आयोडीन आहे. रंग आला नाही, तर सगळ्या मिळून दुकानदाराला आणि ग्रामसभेत जाब विचारा.

आणि पुढच्या वेळी एखाद्या आईला कुणी ग्रहणाचं विचारलं, तर त्यांना आधी मिठाचं विचारा.