पडद्यावरील चित्राचे तुकडे का पडतात?



पावसाची सर येते, डिशवरील पाठाच्या चित्राचे चौकोनी तुकडे पडतात आणि मुले गुरुजींना कारण विचारतात. ‘पाऊस आहे’ एवढ्यावर जिज्ञासू मुलाचे समाधान होत नाही, होऊही नये.

पडद्यावरील चित्र ठिपक्यांचे असते. साध्या चित्रात आडवे ७२० व उभे ५७६, म्हणजे चार लाखांहून अधिक ठिपके. सेकंदास अशी २५ चित्रे. प्रत्येक ठिपक्याच्या रंगास शून्य-एकाचे २४ अंक धरल्यास सेकंदास जवळजवळ २५ कोटी अंक धाडावे लागतील. एवढा भार परवडत नाही. म्हणून फळ्यासमोर हात हलला, तर पुढील चित्रात स्थिर फळा पुन्हा न धाडता हाताचा बदल तेवढा धाडतात. शिवाय चित्राचे लहान चौकोन पाडून, डोळ्यास न जाणवणारे बारकावे गाळतात. या गाळणीमागील गणित बंगळुरात जन्मलेल्या नासिर अहमद यांचे. १९७२ साली अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने त्यासाठी त्यांना अर्थसाहाय्य नाकारले! तरी १९७४ साली टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह त्यांनी तो निबंध प्रसिद्ध केला.

आता मुलांच्या प्रश्नाकडे. पावसाने उपग्रहाचा संदेश क्षीण होऊन काही अंक हरवतात. ज्या चौकोनाचे अंक गेले, तो बिघडतो. आणि पुढील बदल त्या बिघडलेल्या चौकोनावरच चढत असल्याने, नवे पूर्ण चित्र येईपर्यंत दोष टिकतो. इंटरनेटवर मात्र हरवलेला भाग बहुधा पुन्हा मागविला जातो. तेथे चित्र फुटत नाही. थबकते किंवा अंधुक होते.