मुसळीचे पीक की मुसळीच्या बियाण्याचे?

(घोडबंदर रोड येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



घोडबंदर रोडवर शेतीची बैठक म्हटली की लोक विचारतात, इथे शेती राहिली कुठे? भातखाचरांवर इमारती उभ्या राहिल्या, हे खरेच आहे. पण आजचा विषय इथलाच आहे. मागे येऊरचा डोंगर, त्याच्या पलीकडे बोरिवली, जंगल एकच. सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलिॲनम. १९५० च्या दशकात फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी हे नाव दिले, ते या बोरिवलीवरून.

मुसळीचे बी फार कमी उगवते. लावण करायची ती डोळ्यासकट मुळ्यांची. म्हणजे विकायचा माल तोच आणि बियाणेही तेच. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणि २००० नंतर मुसळीची हवा झाली, तेव्हा शेतकऱ्याने बेणे सोन्याच्या भावाने घेतले. ते लावून पुढच्या वर्षी पुढच्या शेतकऱ्याला बेणे म्हणूनच विकायचे, असा हिशेब होता. औषधासाठी मुळी घेणारा गिऱ्हाईक किती, हे कोणी विचारले नाही. बेणे घेणारा नवा शेतकरी मिळेनासा झाला त्या दिवशी भाव कोसळला. पीक मुसळीचे नव्हतेच, बियाण्याचे होते. कमावले त्यांनी, जे आधी विकून मोकळे झाले.

आता तोच माल टिश्यूकल्चरच्या बाटलीतून येतो. तंत्र खोटे नाही. मुसळीची रोपे प्रयोगशाळेत वाढवण्याची पद्धत उदयपूरच्या शास्त्रज्ञांनी १९९४ साली प्रसिद्ध केली. झाडाचा कोवळा तुकडा निर्जंतुक करायचा, साखर, क्षार आणि संप्रेरके घातलेल्या अगारवर ठेवायचा. एका कोंबाचे अनेक कोंब होतात, त्यांना मुळे फोडायची, मग पॉलिहाऊसमध्ये हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावायची. जळगावच्या केळीने हे तंत्र महाराष्ट्राला पटवून दिले आहे.

पण केळी आणि मुसळी यांत फरक आहे. केळीचा घड तराजूवर कळतो. मुळीतला औषधी अंश डोळ्यांना दिसत नाही. टिश्यूकल्चर म्हणजे छापखाना. मूळ प्रत चांगली तर हजार प्रती चांगल्या, मूळ प्रत निकृष्ट तर हजार निकृष्ट. बाटलीत गेल्याने झाडाचा कस वाढत नाही.

बायोरिॲक्टर हा शब्दही आता कानावर येतो. त्याचे दोन प्रकार ध्यानात ठेवा.

पहिला रोपे वाढवणारा. अगारच्या जागी द्रवरूप खाद्य. काही प्रकारांत ते दर काही तासांनी थोडी मिनिटे रोपांपर्यंत चढते आणि पुन्हा उतरते. अगार वाचतो, मजुरी वाचते. मात्र बाटलीत बुरशी शिरली तर एक बाटली जाते, टाकीत शिरली तर टाकीभर रोपे जातात. नीट चालला तर रोप स्वस्त व्हायला हवे. तंत्र स्वस्त आणि रोप महाग, असे दिसले तर मधला नफा कुठे जातो ते विचारा.

दुसरा प्रकार झाडाशिवाय औषध करणारा. टाकीत फक्त पेशी वाढतात आणि हवे ते द्रव्य देतात. जपानमध्ये १९८३ च्या सुमारास शिकोनिन हे लाल द्रव्य असे विक्रीला आले. कर्करोगावरचे पॅक्लिटॅक्सेलही पेशींच्या टाक्यांतून निघते. याला शिव्या देऊ नका. सह्याद्रीतला नरक्या कॅम्प्टोथेसिनसाठी कसा तोडला गेला ते कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या लोकांना विचारा. टाकीतून ते परवडेल असे निघाले तर झाड वाचेल. पण एकोणिसाव्या शतकाअखेर रासायनिक नीळ आली तेव्हा निळीच्या शेतीचे काय झाले, तेही विसरू नका. ज्या औषधात एकच द्रव्य काढून घेतात, त्या पिकावर कारखाना कधीही मात करू शकतो. जिथे मुळीच औषध म्हणून घेतली जाते, जसे मुसळी, शतावरी, अश्वगंधा, तिथे शेताला जागा जास्त काळ राहील.

तेव्हा रोपांना पैसे देण्याआधी चार प्रश्न विचारा. मातृवृक्ष किंवा मातृरोप कोणते, त्याच्या मुळीचे पृथक्करण दाखवा. प्रयोगशाळेला केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या २००६ पासूनच्या प्रमाणन योजनेची मान्यता आहे का? रोप बाटलीतून देणार की हार्डनिंग करून? मर होते ती तिथे, आणि ती कोणाच्या माथी? चौथा प्रश्न सर्वांत मोठा. माल कोण घेणार? रोप विकणाराच माल घेण्याची हमी देत असेल, तर कागद दोनदा वाचा. रोपाचे पैसे आज रोख आणि मालाचे पैसे उद्या तोंडी, असा सौदा करू नका.

शहापूर, मुरबाड, भिवंडीच्या शेतकऱ्यांना एक सुचवतो. प्रयोगशाळा उभारणे आपल्या एकट्याचे काम नाही, पण शेडनेटखाली दोन गुंठ्यांत हार्डनिंग करणे गटाला जमते. थोडी रोपे आणून पावसाळाभर पाहा, मुळी काढा, सोलून सुकवा, तपासून घ्या आणि खऱ्या गिऱ्हाइकाला विकून पाहा. पाच किलो ओल्या मुळीतून जेमतेम किलोभर सुकी हाती येते, हा हिशेब आपल्या वहीत आपल्याच आकड्यांनी मांडा.

नवे तंत्रज्ञान शेतकऱ्याला मिळालेच पाहिजे. ते नाकारणारे आपण नव्हे. पण त्यासोबत त्याच्या हाती हिशेबाची वहीही असली पाहिजे.