साखळी-करवतीच्या तेलाची वाट



3 मे 2019 रोजी फनी हे चक्रीवादळ ओडिशाच्या किनाऱ्यावर पुरीजवळ येऊन आदळले. पुढील वर्षी 20 मे रोजी अम्फानने पश्चिम बंगालला झोडपले आणि त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, 3 जून 2020 रोजी, निसर्ग वादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. तिन्ही ठिकाणी वारा शमल्यावर जी कामे तातडीने हाती घ्यावी लागली, त्यांत रस्त्यांवर आडवी पडलेली झाडे दूर करण्याचे काम अग्रभागी होते. ती हटल्याखेरीज रुग्णवाहिका पुढे सरकत नाही, विजेचे खांब उभे राहत नाहीत आणि पिण्याच्या पाण्याची गाडी गावात पोहोचत नाही. पूर्वी हे काम कुऱ्हाडीने आणि दोन माणसांनी ओढावयाच्या करवतीने होत असे. आज आपत्ती निवारणाच्या पथकापासून ते रोजाने झाडे तोडून देणाऱ्या मजुरापर्यंत अनेकांच्या हाती साखळी-करवत असते. बोलण्यात तिला चेन-सॉ किंवा नुसते कटर म्हणतात.

अशा ऐन गरजेच्या वेळी ही करवत निकामी होण्याचे एक साधे कारण म्हणजे तिच्या पट्टीला तेल न पोहोचणे. इंजिन उत्तम चालते, साखळी फिरते. परंतु पट्टी कोरडी असते. काही वेळाने पट्टीतून धूर येऊ लागतो, साखळी सैल पडते आणि काम थांबते. मग दुकानदार पंप बदलावयास सांगतो, मजुराचे पैसे जातात, आणि नव्या पंपानेही पट्टी कोरडी ती कोरडीच राहते. असे का घडते, हे समजण्यासाठी तेलाची वाट प्रथम नीट पाहिली पाहिजे.

साखळी-करवतीची पट्टी ही पोलादाची चपटी, लांबट फळी असते. तिच्या कडेने सर्वत्र एक अरुंद खाच कोरलेली असते. साखळीच्या आतल्या अंगास असलेले चपटे दुवे या खाचेत बसतात आणि साखळी खाचेच्या दोन्ही काठांवरून घासत धावते. हा वेग सामान्य नव्हे. मध्यम आकाराच्या करवतीत तो सेकंदाला सुमारे 20 मीटर असतो. पोलादावर पोलाद इतक्या वेगाने घासत असता मध्ये तेलाचा पातळ थर नसेल, तर उष्णता किती निर्माण होईल याची कल्पना सहज करता येईल.

हा थर राखण्याची व्यवस्था अशी असते. इंधनाच्या टाकीशेजारी तेलाची स्वतंत्र, लहान टाकी असते. टाकीत एका नळीच्या टोकाला वजनदार गाळणी असते. नळीतून तेल पंपाकडे जाते. पंप म्हणजे एक छोटा दट्ट्या. मळसूत्री दात्यांच्या चक्रामुळे तो फिरत राहतो आणि तेल पुढे ढकलतो. तेथून ते यंत्राच्या अंगावरील एका छिद्रातून बाहेर पडते. या छिद्रासमोर पट्टीच्या बुडाशी दुसरे छिद्र असते. त्यातून तेल खाचेत उतरते, साखळीचे दुवे ते उचलून पट्टीच्या टोकापर्यंत नेतात आणि खालच्या बाजूने परत आणतात. मोटारीच्या इंजिनातील तेलाप्रमाणे हे तेल पुन्हा टाकीत येत नाही. ते लाकडावर, भुशावर आणि अखेरीस जमिनीवर पडते. म्हणून ते सतत नवे पुरवावे लागते.

जुन्या काळातील अनेक करवतींत हा पंप आपोआप चालत नसे. आंद्रेआस श्टील यांनी जर्मनीत 1926 मध्ये विजेवर चालणारी साखळी-करवत तयार केली, ती दोन माणसांनी हाताळावी लागे. पुढे एका माणसाच्या करवती आल्या, तेव्हाही बऱ्याच यंत्रांत तेलाचा दांडा अंगठ्याने दाबावा लागत असे. त्या कामगाराला दर काही क्षणांनी तेलाची आठवण ठेवणे भाग होते. स्वयंचलित पंपाने अंगठ्याचे श्रम वाचवले. परंतु त्याबरोबर तेलाकडे असलेले लक्षही उडाले. आज दोष आढळतो तो बहुधा धूर निघाल्यावरच.

तथापि धूर निघाला म्हणजे तेलच अडले, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. साखळीचे दाते बोथट झाले असतील तर कामगार करवत जोराने दाबतो आणि लाकूड जळू लागते. अशा वेळी लाकडाच्या टपोऱ्या कपच्यांऐवजी पिठासारखा बारीक भुसा पडतो. हीच त्याची खूण होय. साखळी फाजील ताणलेली असली तरीही पट्टी तापते. थंड असताना साखळी पट्टीला खालून चिकटून असावी, पण हातमोजा घालून ओढली असता सहज सरकावी. या दोन गोष्टी प्रथम पाहाव्यात.

त्यानंतर तेलाची परीक्षा करावी. तिला कोणतेही उपकरण लागत नाही. दोन्ही टाक्या भरून, करवतीचे टोक पांढऱ्या पुठ्ठ्यापासून किंवा ताज्या कापलेल्या फिकट बुंध्यापासून सुमारे 20 सेंटिमीटर अंतरावर धरावे आणि इंजिन अर्ध्याहून अधिक वेगाने साधारण मिनिटभर चालवावे. टोक कशालाही लागता कामा नये. तेल येत असेल तर पुठ्ठ्यावर त्याची स्पष्ट रेघ उमटते. रेघ न उमटल्यास दोष तेलाच्या वाटेवर आहे, हे निश्चित झाले. आणखी एक खूण कामातच मिळते. इंधन संपेपर्यंत तेल पुरावे, परंतु तेही बरेचसे संपत आलेले असावे, अशा बेताने टाक्यांचे आकार ठरवलेले असतात. इंधन संपले आणि तेलाची टाकी जवळपास भरलेलीच राहिली, तर पट्टी तेवढा वेळ कोरडी धावली असे समजावे. याउलट, रात्रभर ठेवलेल्या यंत्राखाली तेलाचा डाग दिसला, तर त्यावरून पट्टीला तेल मिळते असे मानू नये. उभ्या यंत्रातून तेल पाझरणे निराळे आणि चालत्या साखळीला ते मिळणे निराळे.

आता दोष शोधावयाचा कसा? येथे एकच नियम ध्यानात ठेवावा : वाटेचे दोन भाग करावेत आणि दोष कोणत्या भागात आहे ते आधी ठरवावे. इंजिन बंद करून, ठिणगीच्या प्लगची तार काढून, पट्टी आणि साखळी उतरवावी. यंत्राच्या अंगावरील तेलाचे छिद्र पुसून स्वच्छ करावे. मग तार पुन्हा जोडून इंजिन थोडा वेळ चालवावे आणि त्या छिद्राकडे पाहावे. या वेळी फिरते दातेरी चाक उघडे असते. म्हणून हात, फडके व सैल बाही त्याच्यापासून दूर ठेवणे अत्यावश्यक आहे. कित्येक यंत्रांत चाक फिरल्याखेरीज पंप चालत नाही, तेव्हा इंजिनाचा वेगही थोडा वाढवावा लागतो.

छिद्रातून तेल येत असेल, तर पंप, गाळणी व नळी ही सर्व निर्दोष आहेत. दोष पट्टीत आहे, आणि बहुतेक वेळा तो तेथेच असतो. तेल आणि भुसा यांचा मिळून घट्ट लगदा होतो व तो पट्टीचे छिद्र आणि खाच बुजवून टाकतो. वादळानंतरच्या कामात हे विशेष घडते, कारण जमिनीवर पडलेल्या बुंध्यांच्या सालीत वाळू आणि चिखल असतो. नारळाचे खोड तर बाहेरून कठीण व तंतुमय असल्याने दाते लवकर बोथट करते, आणि बोथट दात्यांचा बारीक भुसा खाचेत अधिकच दाटतो. उपाय अगदी स्वस्त आहे. लोखंड कापण्याच्या करवतीचे जुने पाते खाचेतून बुडापासून टोकापर्यंत फिरवावे, छिद्र बारीक तारेने मोकळे करावे आणि शक्य तर हवेचा झोत मारावा. खाचेच्या काठांना धारदार कोर आली असेल, तर ती सपाट कानशीने काढावी. दुसऱ्या बनावटीची पट्टी बसवलेली असल्यास तिचे छिद्र यंत्राच्या छिद्रासमोर येते की नाही, हे अवश्य पाहावे. ते न आल्यास तेल आतच सांडत राहते. पट्टी परत बसवताना ती उलटी फिरवून बसवावी, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.

छिद्रातून तेल येत नसेल, तर मात्र आत शिरावे लागते; तेथेही स्वस्त गोष्टी आधी पाहाव्यात. टाकीतून तेल बाहेर जाते तेव्हा तितकी हवा आत यावी लागते, आणि त्यासाठी एक सूक्ष्म हवाछिद्र ठेवलेले असते. ते बुजले की टाकीत निर्वात निर्माण होऊन तेल थांबते. टाकीचे झाकण किंचित सैल केल्यावर तेल वाहू लागले, तर हाच दोष होय. तसे न झाल्यास गाळणी आकड्याने बाहेर ओढून धुवावी आणि नळीला चीर गेली आहे काय ते पाहावे, कारण चिरलेली नळी तेलाऐवजी हवा ओढते. काही यंत्रांच्या तळाशी तेलाचे प्रमाण कमीजास्त करणारा स्क्रू असतो. लांब पट्टी लावली असता तो वाढवावा लागतो. हे सारे करूनही तेल आले नाही, तरच मळसूत्री चक्राचे दाते झिजले असावेत किंवा पंप बिघडला असावा, असे मानून यंत्र कारागिराकडे न्यावे. ज्या पंपाला सर्वांत आधी दोष दिला जातो, त्याची पाळी अशी सर्वांत शेवटी येते. विजेरीवर चालणाऱ्या नव्या करवतींतही टाकी, पंप, छिद्र आणि खाच हीच वाट असते. तेव्हा तपासण्याचा क्रमही तोच.

तेलाविषयीही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. मोटारीच्या इंजिनातून काढलेले काळे, जळके तेल फुकट मिळते म्हणून ते करवतीत ओतण्याची प्रथा आहे. त्यात काजळी आणि धातूचे कण असतात. ते पंपाला झिजवतात आणि छिद्रे बुजवतात. शिवाय हे तेल साखळीवरून उडून कामगाराच्या कपड्यांवर व कातडीवर बसते, आणि दीर्घकाळचा असा संपर्क अपायकारक असतो. साखळीसाठी तयार केलेल्या तेलात चिकटपणा आणणारा पदार्थ मिसळलेला असतो, त्यामुळे ते पट्टीच्या टोकावरून एकदम उडून जात नाही. युरोपातील जंगलांत वनस्पतिजन्य तेले पुष्कळ वापरली जातात, कारण जमिनीत गेल्यावर ती लवकर विघटित होतात. परंतु वनस्पतिजन्य तेल महिनोन्‌महिने टाकीत राहिले तर डिंकासारखे घट्ट होते. म्हणून करवत दीर्घकाळ ठेवून देण्यापूर्वी टाकी रिकामी करावी. हिमाचलसारख्या थंड प्रदेशात हिवाळ्यात पातळ तेल घ्यावे, कारण घट्ट तेल गाळणीतून चढतच नाही.

कोरड्या पट्टीने केवळ यंत्राचे नुकसान होते असे नाही. तापलेली साखळी लांबते, सैल होते आणि धावता धावता पट्टीवरून उतरू शकते, क्वचित तुटतेही. त्या वेळी तिच्याजवळ एका माणसाचे हात आणि पाय असतात. हा माणूस पुष्कळदा रोजाने आणलेला असतो आणि करवत दुसऱ्याच्या मालकीची असते. काम थांबू नये म्हणून तो धुराकडे दुर्लक्ष करतो. म्हणून करवत चालवावयास शिकवताना झाड कसे पाडावे इतकेच शिकवून भागणार नाही. दर वेळी इंधन भरताना तेलही भरावे, ते किती खर्च झाले ते पाहावे आणि दिवसाच्या अखेरीस पट्टी उतरवून खाच साफ करावी, या तीन सवयी त्याच्या हाताला लावल्या पाहिजेत. त्यासाठी लागणारा वेळ दहा मिनिटांचा आहे, आणि तो मजुरीच्या वेळात धरला गेला पाहिजे.